जुन्या धुराड्यातली नवी शेगडी

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीची नायिका कॅथरिन मोरलँड भयकथा वाचून वाचून अशा मनःस्थितीला पोचली आहे की, एकेकाळी मठ असलेल्या त्या वाड्यात पाऊल टाकताना तिला अंधारे बोळ, कोळिष्टके आणि मागल्या शतकांतली अवजड, कोरीव, पुरुषभर उंचीची फायरप्लेस एवढेच दिसण्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात दिवाणखान्यात तिला भेटते ती ‘रमफर्ड’. जुने भगदाड आखडून लहान केलेले, भोवती साधा पण देखणा संगमरवर, वर शोभेची चिनी मातीची भांडी. बिचारीचा विरस होतो.

हा प्रसंग वाचताना आपल्याकडचे विद्यार्थी हसत नाहीत, याचा आम्हाला अनेकदा अनुभव आला आहे. तळटीपेत ‘रमफर्ड : एक प्रकारची फायरप्लेस’ असे छापलेले असते आणि विनोद तिथेच विझतो. वास्तविक ही कादंबरी १८१७ च्या डिसेंबरात प्रकाशित झाली (मुखपृष्ठावर १८१८ हे साल आहे), तरी तिचा पहिला खर्डा अठराव्या शतकाच्या अखेरचा. रमफर्डचा धुराड्यांवरचा निबंध १७९६ सालचा. म्हणजे लेखिकेने खर्डा केला त्या काळी ही अगदी ताजी, शहरी, खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यांची फॅशन होती. जनरल टिल्नी हा गृहस्थ आपल्या वाड्यातल्या प्रत्येक सुधारणेची किंमत मनात जपून ठेवणारा आहे, आणि पुढे कॅथरिनला तो जी वागणूक देतो तिच्या मुळाशीही तिच्याकडे पैसा किती हा हिशेबच आहे. दहशत भिंतींत नसून त्या हिशेबी स्वभावात आहे, हे कादंबरी पुढे उलगडते. पण त्याची खूण तिने त्या आखडलेल्या फायरप्लेसमध्ये आधीच ठेवलेली आहे. शेगडीचा इतिहास ठाऊक नसेल तर ही खूण वाचता येत नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

जुन्या फायरप्लेसच्या पोटात नवी, कार्यक्षम शेगडी बसवणे ही कल्पना दिसते तितकी किरकोळ नाही. इंग्रजीत अशा शेगडीला ‘इन्सर्ट’ म्हणतात. मराठीत तिला शब्द नाही, कारण वस्तूच नाही. मुळात फायरप्लेस या शब्दाशीच आपला अनुवाद अडखळतो. ‘शेकोटी’ म्हणावे तर आपली शेकोटी अंगणात, शेतावर, चावडीपुढे. ती घराबाहेरची आणि गावची. ‘चूल’ म्हणावे तर चूल स्वयंपाकघरातली, बाईच्या वाट्याची. थंड प्रदेशातील फायरप्लेस ही बैठकीच्या खोलीत, भिंतीच्या मधोमध, कुटुंबाने भोवती बसून वाचावे, विणावे, भांडावे अशी जागा. लॅटिनमध्ये तिला ‘फोकस’ म्हणत. केप्लरने १६०४ साली तोच शब्द प्रकाशशास्त्रात नेला आणि आज आपण सगळेच तो शब्द जाता-येता वापरतो, त्यातल्या निखाऱ्यांची आठवण न ठेवता. मात्र एका बाबतीत मराठी आणि इंग्रजी जवळ येतात. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की ‘चूल वेगळी झाली’ म्हणतात. म्हणजे चूल हे कुटुंब मोजण्याचे माप. इंग्लंडात १६६२ साली खरोखरच चुली मोजून कर बसवण्यात आला, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. वसुली कारकून घरात शिरून फायरप्लेस मोजत. लोक इतके चिडले की १६८९ साली हा कर रद्द करावा लागला.

धुराडे तरी कुठे फार जुने आहे? विल्यम हॅरिसनने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचे जे वर्णन लिहिले, त्यात गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेल्या ज्या बदलांचे नवल वाटते, त्यांत एक म्हणजे धुराड्यांची वाढलेली संख्या. त्याआधी खोलीच्या मधोमध आग आणि छपरातून धूर. हॅरिसन वर अशीही तक्रार नोंदवतो की, धूर होता तेव्हा लाकडे पक्की होत आणि माणसेही धडधाकट असत. धुराडी आली आणि पडसे-खोकला आला. आपल्याकडेही चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याची कणसे टांगत, धुराने कीड लागत नाही म्हणून. आणि त्याच चुलीपुढे बसणारीचे डोळे कायम लाल असत, याची नोंद मात्र कोणी ठेवत नसे. धुराचे गुण गाणारा सहसा चुलीपासून चार हात लांब बसलेला असतो.

धुराडे आल्याने धूर गेला, पण ऊबही त्याच वाटेने जाऊ लागली. भल्यामोठ्या उघड्या तोंडाच्या फायरप्लेसमध्ये जाळ पेटला की तो खोलीतली तापलेली हवा ओढून धुराड्यातून बाहेर सोडतो. तिची जागा घ्यायला दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. पुढून चेहरा भाजतो, पाठ काकडते. इंधनातील उष्णतेपैकी दहा टक्क्यांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी, खोलीला मिळते असे आजची मापने सांगतात. पॅरिसच्या लुई साव्हो या वैद्याने १६२४ सालच्या आपल्या वास्तुविषयक ग्रंथात लूव्रमधील एका फायरप्लेसचे वर्णन केले आहे, तीत जाळाच्या खाली आणि मागे लोखंडी पत्र्याने पोकळी ठेवून तिथे तापलेली हवा पुन्हा खोलीत सोडलेली होती. निकोला गोझे याने १७१३ मध्ये हीच कल्पना पुस्तकभर विस्तारली आणि दोन वर्षांत डेझाग्युलिए याने तिचे इंग्रजी भाषांतर केले. ते भाषांतर पुढे फिलाडेल्फियातील एका मुद्रकाच्या वाचनात आले. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिनच्या १७४४ सालच्या पुस्तिकेकडे साहित्याच्या अभ्यासकांनी वळून पाहायला हवे, असे आम्हाला वाटते. ती जाहिरात आहे, शास्त्रीय निबंध आहे, बसवणाऱ्या गवंड्यासाठी सूचनापत्र आहे आणि समाजचित्रही आहे. ती सुरू होते जंगलापासून. शंभर वर्षांपूर्वी जे लाकूड दारात मिळत होते ते आता काही गावांना शंभरेक मैलांवरून आणावे लागते, असे तो लिहितो. अठराव्या शतकाच्या मध्यावर, ज्या भूमीला सारे जग अरण्य समजत होते तिथे, सरपणाच्या टंचाईचा हा उल्लेख वाचताना थबकायला होते. मग तो त्या काळच्या एकेक शेगडीची झडती घेतो. पेनसिल्व्हेनियातील जर्मन कुटुंबे ओतीव बिडाच्या बंद शेगड्या वापरत. उबेला त्या उत्तम, पण फ्रँकलिनच्या मते त्यांत दोन दोष होते: जाळ दिसत नाही आणि खोलीतली हवा बदलत नाही. इंग्रजी वळणाच्या घरात माणसाला आग नुसती मिळून पुरत नाही, ती दिसावी लागते, हे त्याने अचूक हेरले होते.

म्हणून त्याने मधला मार्ग काढला. बिडाच्या पत्र्यांची, पुढून उघडी अशी पेटी तयार करायची आणि ती घरात आधीच असलेल्या फायरप्लेसमध्ये बसवायची. जुन्या भगदाडात विटांची एक खोटी पाठभिंत उभारायची, जुना गळा बंद करायचा आणि धुराला एकच वाट ठेवायची. ती वाट वाकडी होती. पेटीच्या मागील बाजूस एक पोकळ डबा. धूर त्या डब्यावरून जाऊन त्याच्या पाठीमागे खाली उतरायचा, जमिनीच्या पातळीखालून सरकायचा आणि मग खोट्या पाठभिंतीमागून जुन्या धुराड्यात वर चढायचा. डब्यात बाहेरची ताजी हवा येऊन तापायची आणि बाजूच्या भोकांतून खोलीत यायची. पुढे सरकती झडप. रॉबर्ट ग्रेस या त्याच्या मित्राच्या भट्टीत हे पत्रे ओतले गेले. आजच्या अर्थाने ही ‘इन्सर्ट’च होय, कारण घर तेच, धुराडे तेच, फक्त पोट नवे.

प्रांताच्या गव्हर्नरने या शोधाचे पेटंट देऊ केले असता फ्रँकलिनने ते नाकारले. इतरांच्या शोधांचा आपण लाभ घेतो, तेव्हा आपल्या शोधाने इतरांची सेवा करण्यात आनंद मानावा, असा त्याचा युक्तिवाद आत्मचरित्रात आहे. त्याच ठिकाणी, लंडनच्या एका लोहाराने किरकोळ बदल करून तेच पेटंट मिळवले आणि बऱ्यापैकी कमाई केली, हेही तो तिरकसपणे सांगतो. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत येते. जे येत नाही ते हे की, ही शेगडी नीट चालली नाही.

कारण साधे आहे. धूर स्वभावतः वर जातो. त्याला आधी खाली उतरवायचे तर पुढचे धुराडे चांगले तापलेले असावे लागते, आणि पेटवताना तर ते थंडच असते. जाळ मंदावला की ओढ तुटते आणि धूर खोलीत. पुढच्या कारागिरांनी ती वाकडी वाट आणि तो हवेचा डबा हळूहळू काढूनच टाकला. उरली ती पुढून उघडी बिडाची पेटी, आणि तिलाच लोक ‘फ्रँकलिन स्टोव्ह’ म्हणत राहिले. म्हणजे शोधकाचे नाव टिकले ते त्याचा शोध वगळून. साहित्याच्या इतिहासातही असे होते, पण तो विषय वेगळा.

फ्रँकलिनने धुराचा पिच्छा सोडला नाही. १७८५ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, युरोपातून मायदेशी परतताना जहाजावर बसून त्याने यान इंगेनहाउस या वैज्ञानिक मित्राला एक दीर्घ पत्र लिहिले. विषय : धुराडी धूर का सोडतात आणि त्यावर उपाय काय. पत्रात त्याने नऊ कारणे मांडली आहेत. पहिले कारण असे की, नवी घरे इतकी घट्ट बांधलेली असतात की हवा आतच येत नाही, आणि हवा आत आली नाही तर धूर बाहेर जाईल कसा? दुसरे कारण, तोंड वाजवीपेक्षा मोठे. तिसरे, धुराड्याची उंची अपुरी. ही कारणे आजही शेगडी बसवणाऱ्या कारागिराला तोंडपाठ असावी लागतात.

दुसरा बेंजामिनही मॅसॅच्युसेट्सचाच. बेंजामिन थॉम्पसन, जन्म १७५३, वोबर्न गावी. स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्रजांच्या बाजूने राहिला, १७७६ मध्ये देश सोडून गेला, पुढे बव्हेरियाच्या राजदरबारी चढत चढत काउंट रमफर्ड झाला. तोफा कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील त्याच्या १७९८ सालच्या निबंधामुळे तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत आहे. पण लंडनच्या घराघरांत त्याचे नाव गेले ते फायरप्लेसमुळे. रमफर्डने लोखंड टाकून दिले. त्याचा उपाय गवंडीकामाचा होता : जुन्या भगदाडात विटा भरून ते उथळ करा, पाठभिंतीची रुंदी पुढच्या तोंडाच्या एकतृतीयांश ठेवा, बाजूच्या भिंती तिरप्या घ्या, म्हणजे तापलेली वीट उष्णता खोलीकडे फेकेल, आणि धुराड्याचा गळा चार इंचांवर आणा. एवढ्याने काम होते. थोरामोठ्यांच्या घरी त्याला बोलावणी येऊ लागली. १८०० साली गिलरेने त्याचे व्यंगचित्र काढले, त्यात तो शेगडीकडे पाठ करून, कोटाचे शेपूट उचलून शेकत उभा आहे. आमच्या मते कोणत्याही वैज्ञानिकाला मिळालेला हा सर्वांत प्रामाणिक मानाचा तुरा असावा.

रमफर्डच्या निबंधातील एक तपशील मात्र हसू थांबवतो. गळा चार इंचांचा केला तर धुराडे झाडणारा वर कसा चढणार? म्हणून तो सुचवतो की, गळ्यापाशी एक छोटे दार ठेवावे, त्यात चुना न लावता एक फरशी बसवावी. झाडणारा आला की फरशी काढावी, काम झाले की पुन्हा लावावी. हा ‘झाडणारा’ म्हणजे पाच-सात वर्षांचे पोर असे. पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ सालीच दाखवून दिले होते की, धुराडी झाडणाऱ्यांना होणारा एक विशिष्ट कर्करोग काजळीमुळे होतो. एखाद्या व्यवसायातील द्रव्याशी कर्करोगाचा संबंध जोडण्याचे हे पहिले उदाहरण. ब्लेकच्या १७८९ आणि १७९४ च्या संग्रहांतील त्याच शीर्षकाच्या दोन कविता आपण शिकवतो. त्यांतला काळा रंग प्रतीकात्मक आहे असे सांगतो. तो प्रतीकात्मक आहेच, पण आधी तो रंग आहे. १७८८, १८३४, १८४० असे कायदे होत गेले आणि धाब्यावर बसत गेले. मुले धुराड्यात घालणे प्रत्यक्षात थांबले ते १८७५ च्या कायद्यानंतर. ऊब वाचवण्याचा इतिहास लिहिताना ती चुना न लावलेली फरशी विसरता येत नाही.

१८४० च्या दशकात अमेरिकेत वारे फिरले. बिडाच्या हवाबंद शेगड्या स्वस्त झाल्या, जुन्या फायरप्लेसची तोंडे पत्र्याने बंद करून त्यांतून शेगडीचा पाइप आत घातला जाऊ लागला. आणि इथे साहित्य प्रथमच या विषयावर तावातावाने बोलू लागले. नॅथॅनिएल हॉथॉर्न तेव्हा कॉन्कॉर्डमधील जुन्या पाद्रीवाड्यात राहत होता. १८४३ सालच्या ‘फायर वर्शिप’ या ललित निबंधात त्याने आपल्या अभ्यासिकेतली उघडी आग जाऊन काळी बंद शेगडी आल्याचा शोक केला आहे. शोक गमतीचा आहे, पण खालचा सूर गंभीर आहे. माणसे आजवर घरच्या अग्नीसाठी लढली, उद्या या लोखंडी डब्यासाठी कोण प्राण देईल, असा त्याचा सवाल आहे. त्याच्या दृष्टीने जाळाभोवतीचे वर्तुळ मोडले की कुटुंब मोडते, आणि पुढे राष्ट्रही. त्याच सुमारास अमेरिका पाहायला आलेल्या डिकन्सने, आपल्या १८४२ च्या प्रवासवर्णनात, आगगाडीच्या डब्यातल्या लालभडक शेगडीवर आणि कोंदट हवेवर तोंडसुख घेतले. मेलव्हिलची १८५६ सालची एक कथा तर संपूर्णपणे एका धुराड्यावरच आहे : घराच्या मध्यभागी उभे असलेले अजस्र धुराडे पाडावे म्हणून बायको-मुली मागे लागलेल्या आणि कथानायक ते राखण्यासाठी धुराड्याशेजारी ठाण मांडून बसलेला. हॅरिएट बीचर स्टोव्हनेही १८६५ च्या आपल्या गृहविषयक लेखांत हवाबंद शेगड्यांना झोडपले, पण तिचा आक्षेप खोलीतल्या शिळ्या हवेवर होता. तो आम्हाला अधिक जड वाटतो, कारण घर चालवणाऱ्या बाईचा आहे.

या साऱ्यांत थोरो वेगळा पडतो. वॉल्डनच्या काठी त्याने स्वतःच्या हाताने धुराडे बांधले आणि पहिला हिवाळा उघड्या आगीपुढे काढला. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने एक छोटी स्वयंपाकाची शेगडी आणली. का, तर काटकसर म्हणून, कारण जंगल त्याच्या मालकीचे नव्हते. शेगडीने जागा अडवली, घरात वास भरला आणि मुख्य म्हणजे जाळ झाकला. एक सोबती हरवल्यासारखे वाटले, असे तो ‘वॉल्डन’मध्ये (१८५४) नमूद करतो. हॉथॉर्नपेक्षा हे आम्हाला श्रेष्ठ वाटते, कारण इथे तक्रारीशेजारी लाकडाचा हिशेब आहे. जाळ पाहण्याचे सुख कोणाच्या जंगलावर चालते, हा प्रश्न हॉथॉर्नला पडतच नाही. फ्रँकलिनने १७४४ मध्ये तो पहिल्याच पानावर मांडला होता.

आता एका मराठी मुलीकडे येऊ. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या. वय अठरा. शहर फ्रँकलिनचे. त्यांच्या चरित्रकथनांतून एक तपशील पुन्हा पुन्हा येतो : राहायला मिळालेल्या खोलीतील फायरप्लेस सदोष होती, पेटवली की उबेपेक्षा धूरच जास्त व्हायचा; तेव्हा एक तर धूर सोसायचा, नाही तर थंडी. ज्या गावाच्या मुद्रकाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी धुराड्याच्या धुराची नऊ कारणे उपायांसह लिहून ठेवली, त्याच गावात हे घडावे यात आश्चर्य काही नाही. ज्ञान गावात असणे वेगळे आणि भाड्याच्या खोलीत असणे वेगळे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. क्षयाचे जंतू कॉखने १८८२ मध्येच शोधले होते, त्यामुळे धुराने क्षय झाला असे आज कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण दुबळ्या फुप्फुसांवर धूर काय करतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आनंदीबाईंवर लिहिताना आपण त्यांचे धैर्य, गोपाळरावांचा विक्षिप्त हट्ट, समाजाचा छळ यांवर पानेच्या पाने भरतो. खोलीतल्या त्या फायरप्लेसला एक वाक्य मिळते. आमच्या मते तिला एक प्रकरण मिळायला हवे, कारण परदेशी शिकण्याचे खरे शरीर तिथे आहे : ओळखीचा धूर, पण अनोळखी चूल, जी कशी पेटवावी हे आईने शिकवलेले नाही.

विसाव्या शतकात वाफेच्या नळ्या, तेल आणि वायू यांनी फायरप्लेसला शोभेची वस्तू केले. लंडनच्या १९५२ च्या विषारी धुक्याने हजारो माणसे मेली, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि ब्रिटिश शहरांतून उघडा कोळसा हटू लागला. मग १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले. अमेरिकेतील घरांत फायरप्लेस होत्याच, फक्त मेणबत्त्या आणि वाळकी फुले ठेवायला. लोकांना त्या आठवल्या. पत्र्याच्या पेट्या बनवणारे कारखाने निघाले, आणि जुन्या भगदाडात पेटी सरकवून कडेच्या फटी पत्र्याने झाकायच्या, की झाले, अशी पद्धत पडली. धंद्यातले लोक या पेट्यांना ‘स्लॅमर’ म्हणत, म्हणजे ढकलून बसवलेल्या.

पेटी उत्तम जळत होती, ऊबही देत होती, आणि घरे पेटत होती. याचे कारण फ्रँकलिनच्या गळ्याइतकेच जुने आहे. उघड्या आगीसाठी बांधलेले धुराडे प्रशस्त असते. समजा ते आतून बारा इंच चौरस आहे, म्हणजे १४४ चौरस इंच. बंद शेगडीला सहा इंच व्यासाची नळी पुरते, म्हणजे अवघे २८ चौरस इंच. पाचपट मोठ्या, थंड पोकळीत कमी आणि संथ धूर सोडला की तो वाटेतच गार होतो. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली त्यातील डांबरी द्रव्ये भिंतीवर जमतात. हे ‘क्रिओसोट’. लोक रात्री हवा कोंडून ओंडके धुमसत ठेवत, त्यामुळे ते अधिकच जमे. मग एखाद्या कडक थंडीच्या दिवशी जोराचा जाळ केला की धुराडेच आतून पेटते, तापमान हजार अंशांच्या वर जाते, मातीच्या नळ्या तडकतात आणि आग छपराच्या लाकडांपर्यंत पोचते. शिवाय पेटी बाहेर ओढल्याखेरीज धुराडे झाडता येत नसे, आणि दीडशे-दोनशे किलोची पेटी कोण ओढणार? म्हणजे रमफर्डने ज्या दाराची तजवीज केली होती, तेवढीही इथे नव्हती.

त्यातून आज रूढ असलेली पद्धत आली. आधी धुराडे झाडून, तपासून घ्यायचे. जुन्या गळ्याशी असलेली बिडाची झडप काढायची. मग छपरावरून स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी, शेगडीच्या तोंडाइतक्याच व्यासाची, पूर्ण धुराडेभर खाली सोडायची आणि शेगडीच्या गळपट्टीला जोडायची. गरजेप्रमाणे तिला न जळणाऱ्या लोकरीचे वेष्टन. गळ्यापाशी पत्र्याने पोकळी बंद करायची, नाही तर ऊब पुन्हा जुन्या वाटेने निघून जाते. वर टोपी, खाली पुढच्या जमिनीवर ठिणग्यांपासून राखण करणारी फरशी. अशी बसवलेली शेगडी साधारण साठ ते ऐंशी टक्के उष्णता घरात ठेवते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८८ मध्ये शेगडीने तासाला किती ग्रॅम कण हवेत सोडावेत याची मर्यादा घातली, साध्या शेगडीला साडेसात. २०१५ च्या नियमांनी ती साडेचारवर आणली आणि २०२० पासून ती दोनच्या आसपास आहे. ब्रिटनमध्येही २०२२ पासून नव्या शेगड्यांना कडक मानके लागू झाली. तरीही शहरी हवेतील सूक्ष्म कणांत लाकडी शेगड्यांचा वाटा हा तिथे भांडणाचा विषय आहेच.

आणि जाळ? तो परत आला, काचेआड. १९५३ साली कॉर्निंगच्या प्रयोगशाळेत अपघाताने सापडलेल्या काच-सिरॅमिकच्या जातीची तावदाने शेगडीच्या दारांना लागली. वरून खाली सरकणारा हवेचा पडदा ती काच काजळीपासून स्वच्छ राखतो. हॉथॉर्नची तक्रार तंत्राच्या पातळीवर मिटली, असे म्हणायला हरकत नाही. दिसणारी आग आहे, न दिसणारी हवा मोजून आत येते, लाकूड थोडके लागते. त्याचे वर्तुळ मात्र शेगडीने मोडलेले नव्हते, हे आता उघड आहे. वर्तुळात बसणाऱ्यांपैकी कोण लाकूड फोडी आणि कोण राख काढी, हे त्याने लिहिले असते तर कदाचित त्यालाही ते दिसले असते.

अमेरिकेत अशी शेगडी बसवताना जुन्या फायरप्लेसच्या बांधकामात फेरफार केला, तर आतल्या भिंतीवर धातूची एक पट्टी ठोकून ठेवायची असते. तिच्यावर मजकूर असतो तो असा की, ही फायरप्लेस शेगडी बसवण्यासाठी बदलण्यात आली आहे. पुन्हा उघडी आग पेटवण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावी. शेगडी बसली की ती पट्टी तिच्यामागे झाकली जाते. घर विकले गेले, शेगडी काढली गेली, तरच पुढच्या मालकाला ती वाचायला मिळते.